आधी आनंद, मग व्यवहार

आजचं वचन : मत्तय १३:४४-४६



आजचं वाचन फक्त तीन वचनांचं आहे. मोबाईलवर स्क्रोल सुद्धा करावं लागत नाही. दोन छोटे दाखले आहेत. पहिल्यात एका माणसाला शेतात पुरलेला ठेवा सापडतो. तो ठेवा परत झाकून ठेवतो, आनंदाने घरी जातो, होतं नव्हतं ते सगळं विकतो आणि ते शेत विकत घेतो. दुसऱ्यात एक व्यापारी चांगल्या मोत्यांच्या शोधात फिरतोय. त्याला एक फार मोलाचं मोती मिळतं आणि तोही सगळं विकून ते एकच मोती घेतो. प्रभू म्हणतो, स्वर्गाचं राज्य असं आहे.

संडे स्कूलपासून आपण हे ऐकतोय, त्यामुळे आता ते कानावरून नुसतं जातं. आणि ऐकलेलं लक्षात राहतं ते बहुतेक वेळा एकच : "सगळं विका." सोडा, त्यागा, द्या. मग तरुण मुलं मनातल्या मनात हिशोब करायला लागतात की देव आता माझ्याकडून काय काय काढून घेणार. पण वचन ४४ परत एकदा हळू वाचा. विकण्याच्या आधी एक शब्द आलाय, आनंद. मूळ ग्रीकमध्ये तर वाक्याची रचनाच अशी आहे की तो माणूस आनंदामुळे, त्या आनंदाच्या पोटी जातो आणि विकतो. आज मला एवढ्या एका शब्दापाशी थांबायचंय. आणि त्याच्या मागे जो एक अवघड प्रश्न येतो, त्याच्यापाशी पण.

त्याआधी "राज्य" या शब्दाचं थोडं बघू, कारण तिथेच आपला घोळ होतो. स्वर्गाचं राज्य म्हटलं की आपल्याला मेल्यानंतर जायची जागा वाटते. पण बायबलमधलं राज्य म्हणजे मुख्यतः राजाची सत्ता चालणं, त्याच्या इच्छेप्रमाणे होणं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत राज्य येण्याची मागणी आणि देवाच्या इच्छेप्रमाणे होण्याची मागणी शेजारी शेजारी आहेत, ते उगाच नाही.

आपल्या कोल्हापूरकरांना हे समजायला खरं तर सोपं जावं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. नकाशावर ते आता कुठेच नाही. तरी गावात अजून कुणी म्हणतं, "शाहू महाराजांचं राज्य होतं तेव्हा..." हे म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर संस्थानच्या सीमा नसतात. त्याला आठवतं १९०२ चं ते फर्मान, ज्याने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये सक्तीचं आणि मोफत केलेलं प्राथमिक शिक्षण, वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठीची बोर्डिंगं, राधानगरीचं धरण आठवतं. म्हणजे राजाचं मन ज्या ज्या ठिकाणी चाललं, ते त्याचं राज्य. एक चांगला, पण माणूसच असलेला राजा गेल्यावर शंभर वर्षांनीही लोक त्याच्या राज्याबद्दल असं बोलत असतील, तर प्रत्यक्ष देवाची सत्ता आपल्या आयुष्यात, घरात, पगारात, गावात चालू होणं किती मोलाचं असेल, याचा थोडा अंदाज येतो. ठेवा म्हणतात तो हाच.

आता शेतात पुरलेला ठेवा. आपल्याला हे परीकथेसारखं वाटतं, पण प्रभूच्या श्रोत्यांना ते रोजचं होतं. बँक नव्हती. लढाई आली, लुटालूट झाली की लोक पैसाअडका, दागिने मडक्यात घालून जमिनीत पुरायचे. पुरणारा मेला की ठेवा तसाच मातीत राहायचा. आपल्याकडे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्याच काळात तिथल्या मातीतून रोमन बनावटीच्या ब्राँझच्या वस्तू मिळाल्या, त्यांत समुद्रदेव पोसायडनची छोटीशी मूर्ती पण होती. टाऊन हॉल म्युझियममध्ये ती आहे. बघितली नसेल तर एखाद्या रविवारी उपासनेनंतर जाऊन या. कोल्हापुरात, समुद्रापासून इतक्या आत, रोमचा समुद्रदेव! तो काळही नव्या कराराच्या आसपासचाच. ज्याच्या त्या वस्तू होत्या तो काही परत आला नाही आणि पुढची कित्येक शतकं लोक वरून चालत राहिले, गुरं चारत राहिले. पायाखाली काय आहे याचा पत्ता नव्हता. दाखल्यातलं शेत असंच आहे. ठेवा लांब हिमालयात नव्हता, रोज नांगरायच्या जमिनीतच होता.

(कुणीतरी नक्की विचारणार : ठेवा झाकून ठेवून गुपचूप शेत विकत घेणं ही फसवणूक नाही का? प्रश्न बरोबर आहे. आज असा ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. पण प्रभू इथे त्याच्या पद्धतीचं कौतुक करत नाहीये, त्याच्या घाईचं करतोय. लूक १६ मधला लबाड कारभारी आठवा. प्रभूच्या दाखल्यांतली माणसं काही सगळीच पाळकसाहेबांसारखी नसतात.)

मोत्याचंही तसंच. त्या काळात मोत्याला सगळ्या रत्नांत वरचा मान होता आणि चांगली मोती इराणच्या आखातातून आणि आपल्याकडच्या मन्नारच्या आखातातून पश्चिमेला जायची. ज्या व्यापाराने तो पोसायडन इकडे आला, त्याच व्यापाराने मोती तिकडे गेली. म्हणजे दाखल्यातल्या त्या व्यापाऱ्याची नजर आपल्या बाजूच्या किनाऱ्यांवर असणारच. आता त्याच्या धंद्याचा विचार करा. त्याने सगळा स्टॉक विकून एकच नग घेतला. तो विकला तरच त्याला नफा, पण तो विकण्यासाठी घेतलाय असं कुठे म्हटलेलंच नाही. गुजरीतल्या कुठल्याही सराफाला विचारा, "असं कुणी करेल का?" तो म्हणेल, "येड लागलंय का राव?" म्हणजे हा माणूस आता व्यापारी उरलाच नाही. आयुष्यभराचा शोध संपला.

गुजरीवरून अजून एक आठवलं. दुकानात सोन्याचा भाव सगळ्यांना सारखा. वजन, आजचा दर, वर मजुरी. मंत्री येऊ दे नाहीतर ऊसतोड कामगार येऊ दे, तोळ्याला तेवढेच पैसे. राज्याची किंमत अशी नाही. शेतमजुराचं "सगळं" म्हणजे एखादी म्हैस आणि चार भांडी असतील, व्यापाऱ्याचं "सगळं" म्हणजे गोदामं. दोघांनी वेगवेगळी रक्कम दिली आणि तरी दोघांची किंमत एकच, सगळं. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणारी विधवा (मार्क १२) पूर्ण किंमत देऊन गेली. त्यामुळे "माझ्याकडे देण्यासारखं आहे तरी काय" हे कारण चालत नाही आणि "मी इतकं दिलं" ही फुशारकी पण चालत नाही. आणि खरं बघितलं तर त्याने पैसे मोजले ते शेताचे. ठेव्याची किंमत त्याला कधीच परवडली नसती.

आता परत आनंदाकडे येऊ. मत्तय १९ मध्ये एक श्रीमंत तरुण येतो. त्यालाही प्रभू तेच सांगतो : सगळं विक, गरिबांना दे आणि माझ्या मागे ये. किंमत तीच आहे. मागणारा तोच आहे. पण हा खिन्न होऊन निघून जातो. तेराव्या अध्यायातला माणूस आनंदाने धावतो आणि एकोणिसाव्यातला मान खाली घालून परत जातो. फरक संपत्तीत आहे असं आपण पटकन म्हणतो, पण तो मोत्यांचा व्यापारीही काही गरीब नव्हता. मला वाटतं फरक डोळ्यांत आहे. शेतातल्या माणसाने ठेवा बघितला होता. त्या तरुणाच्या समोर प्रत्यक्ष ठेवा उभा राहून बोलत होता आणि त्याला दिसली ती फक्त किंमत. पौलाचं फिलिप्पै ३ वाचा, तिथे तर सरळ नफ्यातोट्याची भाषा आहे. पूर्वी जे जे जमेच्या बाजूला होतं, कुळ, शिक्षण, धर्मातलं स्थान, ते त्याने उचलून तोट्याच्या रकान्यात टाकलं, कारण ख्रिस्ताची ओळख झाली. ओळख आधी झाली. लेजर नंतर बदललं.

म्हणूनच ज्यांना अजून आनंद झालेला नाही त्यांच्यावर त्यागाची सक्ती करू नये, असं मला वाटतं. युवा शिबिरात शेवटच्या रात्री दिवे मंद करून, कीबोर्ड वाजवून मुलांना उभं करायचं आणि "आज सगळं सोडा" म्हणायचं, याचा उपयोग फार तर पुढच्या बुधवारपर्यंत टिकतो. त्याऐवजी त्यांना शुभवर्तमान उघडून द्यावं आणि वाचू द्यावं.

आपल्या मराठी मंडळीत याचं मोठं उदाहरण आहे, रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांची भजनं आपण दर रविवारी गातो, पण ते प्रभूकडे कसे आले हे आपल्या पिढीत फार जणांना माहीत नसतं. टिळक म्हणजे मोत्यांचा व्यापारी. जन्म १८६१ चा, कोकणातल्या ब्राह्मण घरातला, संस्कृतचे जाणकार, कवी, सतत काहीतरी शोधणारे, एका जागी न टिकणारे. देशाचं भलं होईल असा नवाच धर्म काढावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. १८९३ च्या सुमाराला नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन माणसाशी गाठ पडली. त्या माणसाने त्यांना नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. तो कोण होता हे टिळकांना पुढेही कळलं नाही. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे मत्तय ५ ते ७ ला आल्यावर त्यांना तिथून हलता येईना. गंमत बघा. शोधणारा व्यापारी होता, पण मोती सापडलं ते शेतमजुरासारखं, वाटेत, काही ध्यानीमनी नसताना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि इथेच तो अवघड प्रश्न येतो.

टिळकांनी "सगळं" विकलं. पण त्या सगळ्यात लक्ष्मीबाई होत्या, त्यांचा लहान मुलगा दत्तू होता. लक्ष्मीबाईंनी काही ठेवा बघितला नव्हता. आगगाडीतलं ते पुस्तक त्यांना कुणी दिलं नव्हतं. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्यांच्यासाठी जग कोसळलं. नवरा जिवंत असून घर गेलं, समाजातलं स्थान गेलं, पुढची चारएक वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. त्यांचं "स्मृतिचित्रे" वाचा. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झालं आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याचं नाव घेतात. मिश्कील बाई, हसवता हसवता सांगतात, पण ती वर्षं वाचताना घशात आवंढा येतो. मोती टिळकांना मिळालं, बिल लक्ष्मीबाईंच्या नावावर पण फाटलं.

दाखल्यात ही गोष्ट नाही. तो शेतातला माणूस घरी गेला आणि सगळं विकायला काढलं, तेव्हा त्याची बायको काय म्हणाली? "अहो, म्हैस पण?" आपल्याला माहीत नाही. पण प्रभूला हे माहीत नव्हतं असं नाही. मत्तय १० मध्ये तो स्पष्ट सांगतो की त्याच्यामुळे एकाच घरातली माणसं एकमेकांच्या विरोधात उभी राहतील, आणि आईवडिलांवर किंवा मुलांवर त्याच्यापेक्षा जास्त प्रेम करणारा त्याला योग्य नाही. ही वचनं मी गोड करून सांगू शकत नाही. तसं सांगणारे सांगतात, मला ते पटत नाही. आपल्यात अशी मुलंमुली आहेत जी ख्रिस्ती घरात जन्मलेली नाहीत, प्रभूवर विश्वास ठेवतात आणि घरी आईला सांगताना पोटात गोळा येतो. त्यांना "आनंदाने सगळं सोड" हे वाक्य तोंडावर फेकणं सोपं आहे. त्यांच्या आईचं रडणं आपल्याला ऐकू येत नसतं ना!

लक्ष्मीबाईंच्या गोष्टीतून मला दोन गोष्टी दिसतात. एक, दुसऱ्याच्या वतीने शेत विकत घेता येत नाही. टिळकांना मोती दिसलं म्हणून लक्ष्मीबाईंना ते दिसलं असं झालं नाही. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे आल्या तरी आपलं सोवळं सांभाळूनच राहिल्या, वेगळा स्वयंपाक करून. टिळकांनी बाप्तिस्म्यासाठी सक्ती केली नाही. मग जातीचा विचार त्यांनी स्वतःच, स्वतःच्या डोक्याने केला. हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केलेत, हे त्यांना पटलं आणि त्यांनी सोवळं सोडून दिलं. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना त्यांचा ठेवा त्यांच्या शेतात सापडला, त्यांच्या वेळेला.

दुसरी, टिळक परत आले. म्हणजे प्रभूसाठी बायकोला सोडलं आणि मिशनरी झालो, असा शेरा मारून ते मोकळे झाले नाहीत. ताटातूट संपावी आणि घर परत उभं राहावं यासाठी दोघंही धडपडली. राजाचं राज्य घरात यायचं तर घर मोडून टाकणं हा काही पुरावा नाही. कधी कधी घर मोडतं, ते दुःख खरं आहे. पण ज्याला ठेवा मिळाला त्याने घरच्यांचे फोन उचलायचे बंद करावेत, आईच्या आजारपणात पैसे पाठवायचे थांबवावेत, हे शुभवर्तमान नाही. मार्क ७ मध्ये देवाला अर्पण केल्याचं नाव सांगून आईवडिलांना टाळणाऱ्यांना प्रभूने चांगलंच झापलंय.

टिळकांचं अजून एक सांगायचं राहिलं आणि ते आपल्यासारख्या नोकरदारांसाठी आहे. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांनी परत एकदा विकलं. आता ते नावाजलेले कवी होते, मंडळीत मान होता, मिशनचा पगार होता. तो पगार त्यांनी सोडला आणि साताऱ्याला जाऊन एक बंधुसंघ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. नाव ठेवलं "देवाचा दरबार". छत्रपतींच्या गादीच्या गावात, दरबार शब्दाचं वजन ज्यांना पक्कं माहीत आहे अशा लोकांत, देवाचा दरबार! पुढे दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला ते गेले. संस्था म्हणून दरबार फार काही उभा राहिला नाही. पण वयाच्या पंचावन्न-छप्पनाव्या वर्षीही त्यांना ते मोती पहिल्या दिवसासारखंच दिसत होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग आपण उद्या सकाळी राजीनामा टाकायचा का? नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे आणि फ्लॅटचा ईएमआय वीस वर्षांचा. मला दाखल्यातलं एक न सांगितलेलं दृश्य आवडतं. शेत विकत घेतल्यावर दुसऱ्या दिवशी तो माणूस उठला असेल आणि त्याच शेतात गेला असेल. तीच माती, तीच ढेकळं, तेच ऊन. नांगरणी तर करावीच लागणार. फक्त आता तो दुसऱ्याच्या शेतात राबत नव्हता, पायाखाली काय आहे हे त्याला माहीत होतं. विकणं म्हणजे दर वेळी जागा बदलणं नसतं, पण मालक नक्की बदलतो. सीटीसी, ऑनसाइटची संधी, लिंक्डइनवरचं नाव, लग्नासाठी बघितलेली स्थळं, हे सगळं आपल्याजवळ राहू शकतं, पण "हे माझं, याला हात लावायचा नाही" ही पाटी निघते. काहींना मात्र प्रभू खरंच म्हणेल की ऊठ आणि जा. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर नावाचा एक अमेरिकन तरुण आपल्या कोल्हापुरात आला, ते असंच काहीतरी ऐकून. त्याच्या मुलाचा, रॉबर्टचा, जन्म इथलाच, १८६३ चा. पुढे त्या मुलाने १८८६ मध्ये अमेरिकेतल्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांना परदेशी सेवेसाठी उभं केलं. तुमच्यातल्या कुणाला तसं बोलावणं आलं तर मी कोण अडवणार.

मात्र आनंद नसेल तर घाई करू नका. आज रात्री मत्तय ५, ६ आणि ७ हे तीन अध्याय एका बैठकीत वाचा. अर्धा तास सुद्धा लागणार नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून छापील बायबल घ्या, टिळकांनी आगगाडीत घेतलं तसं. ज्याचं राज्य आहे तो तिथे बोलतोय.

प्रार्थना : हे प्रभू येशू, ज्यांनी तुला ओळखलंय पण घरी अजून सांगता आलेलं नाही, त्यांच्या घरी आज रात्री शांती दे. त्यांच्या आईवडिलांनाही तू तितकाच जवळ ये. ज्यांना फक्त किंमत दिसते त्यांना ठेवा दाखव. तुझ्याच नावात मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : मत्तय १३:४७-५२